मातृत्वाच्या काळात उघडकीस येणारे जन्मजात हृदयदोष

दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ बालके हृदयाच्या रचनेतील एखादा दोष घेऊन जन्मास येतात. यांपैकी काही दोष इतके गंभीर असतात की बालक पहिल्याच आठवड्यात निळसर पडते, त्याला दूध ओढता येत नाही आणि आईबापांच्या ध्यानात तत्काळ ही गोष्ट येते. परंतु दोषांचा दुसराही एक मोठा वर्ग आहे. या वर्गातील मूल हसते, खेळते, शाळेत जाते, वयात येते. त्याचे लग्नही होते. आपल्या हृदयात काही उणे आहे, याची त्याला किंवा त्याच्या कुटुंबातील कोणालाही कल्पना नसते. अशी व्यक्ती स्त्री असेल, तर तिचा दोष उघडकीस येण्याची वेळ पुष्कळदा ठरलेली असते. ती वेळ म्हणजे पहिले किंवा दुसरे गरोदरपण होय.

भारतात गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या हृदयविकारांत सांधेदुखीच्या तापाने, म्हणजे संधिवाती ज्वराने, निकामी झालेल्या झडपांचे प्रमाण दीर्घकाळ सर्वांत अधिक राहिले आहे. जन्मजात दोषांचा क्रम त्यानंतर लागतो. त्यामुळेच हा विषय काहीसा दुर्लक्षित राहिला. वास्तविक या दोषांपैकी बहुतेक वेळीच ओळखता येतात आणि कित्येक पूर्णपणे दुरुस्तही करता येतात. म्हणून त्यांची ओळख सामान्य वाचकालाही असणे आवश्यक आहे.

छावणीतील तपासणी

हा प्रश्न नीट समजावून घेण्यासाठी लखनौ छावणीचे उदाहरण उपयोगी पडेल. १८५७ च्या उठावानंतर शहराच्या आग्नेयेस दिलकुशाच्या परिसरात ही छावणी वसली. १९६३ पासून भारतीय सेनेच्या मध्य कमांडचे मुख्यालय येथे आहे. आर्मी मेडिकल कोअर या सैनिकी वैद्यकीय दलाची स्थापना १९४३ साली झाली. त्याचे केंद्र व महाविद्यालय याच छावणीत असून कमांड रुग्णालयही येथेच आहे. देशाच्या सर्व प्रांतांतील सैनिकांची कुटुंबे छावणीच्या निवासांत राहतात. त्यांत सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबेही असतात.

या वस्तीतील एक विषमता लक्षात घेण्याजोगी आहे. सैनिक भरती होतो तेव्हा त्याची उंची व वजन यांबरोबरच नाडी, रक्तदाब आणि हृदयाचे ध्वनी यांचीही काळजीपूर्वक तपासणी होते. पुढेही ठराविक मुदतीने त्याला वैद्यकीय परीक्षेस सामोरे जावे लागते. त्याच्या पत्नीला मात्र अशा कोणत्याही परीक्षेतून कधी जावे लागलेले नसते. खेड्यात तिला ताप आला तर गोळी दिली जाते, खोकला झाला तर काढा. पण शांत जागी बसवून, छातीवर नळी ठेवून कोणी तिचे हृदय ऐकलेले असेलच असे नाही. पतीबरोबर छावणीत आल्यानंतर गरोदरपणाची नोंदणी करण्यासाठी ती रुग्णालयात जाते, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादा डॉक्टर तिच्या हृदयाकडे कान देतो. वीस-बावीस वर्षे दडून राहिलेला दोष त्या पाच मिनिटांत सापडू शकतो. अर्थात, ती पाच मिनिटे खरोखर दिली गेली तरच.

दोष लपून कसा राहतो?

हृदयाचे चार कप्पे असतात. वरच्या दोहोंना अलिंद आणि खालच्या दोहोंना निलय म्हणतात. उजव्या बाजूचे कप्पे शरीरातून आलेले अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवितात, तर डाव्या बाजूचे कप्पे फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त महारोहिणीवाटे सर्व शरीराला पुरवितात. या दोन बाजूंच्या मध्ये पडदा असतो.

गर्भावस्थेत फुप्फुसे काम करीत नाहीत. बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो. म्हणून निसर्गाने दोन आडवाटा ठेवलेल्या असतात. एक म्हणजे दोन अलिंदांमधील पडद्यातील झडपेसारखे छिद्र, आणि दुसरी म्हणजे फुप्फुस-रोहिणीस महारोहिणीशी जोडणारी छोटी वाहिनी. जन्मानंतर पहिला श्वास घेतला गेला की या वाटांची गरज संपते आणि त्या हळूहळू बंद होतात. काही बालकांत वाहिनी उघडीच राहते. काहींत गर्भाची वाढ होत असताना पडदाच अपुरा तयार होतो, आणि अलिंदांमध्ये किंवा निलयांमध्ये कायमचे छिद्र राहते.

अलिंदांमधील छिद्र हा लपून राहणाऱ्या दोषांचा उत्तम नमुना होय. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो सुमारे दुपटीने आढळतो. डाव्या अलिंदातील दाब उजव्यापेक्षा थोडासाच अधिक असल्याने छिद्रातून रक्त सावकाश उजवीकडे वाहते. शुद्ध रक्तच पुन्हा फुप्फुसांकडे जात असल्यामुळे मूल निळे पडत नाही. उजवी बाजू आणि फुप्फुसे मात्र वर्षानुवर्षे जादा रक्ताचा भार वाहत असतात. तरुण वयात हा भार सोसला जातो. मुलगी खेळताना इतरांच्या मागे पडते, विहिरीवरून पाणी आणताना वाटेत घागर टेकवून थांबते. घरचे म्हणतात, हिची प्रकृतीच नाजूक आहे. ती स्वतःही तसेच मानते. कारण दम न लागता चढ चढणे म्हणजे काय, याचा अनुभव तिला कधी आलेलाच नसतो. जन्मापासून असलेली उणीव मनुष्याला उणीव म्हणून जाणवत नाही, हे या विकारांच्या गुप्ततेचे एक मोठे कारण आहे.

गरोदरपणाचा भार

गरोदरपण ही हृदयाची एक दीर्घ परीक्षाच असते. पहिल्या काही आठवड्यांपासून शरीरातील रक्ताचे एकूण आकारमान वाढू लागते आणि अखेरीस ते चाळीस ते पन्नास टक्क्यांनी अधिक होते. हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर टाकते, त्याचे प्रमाणही तीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. नाडीचे ठोके मिनिटाला दहा ते वीसने वाढतात. ही वाढ साधारणतः अठ्ठाविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत आपल्या शिखरास पोहोचते. निरोगी हृदय हे काम सहज पेलते. ज्या हृदयात आधीच आडवाट किंवा अडथळा आहे, त्याची राखीव शक्ती मात्र येथे संपते.

अडचण अशी की, या काळात निरोगी स्त्रीलाही थोडी धाप लागते, थकवा येतो, पायांवर सूज येते, छातीत धडधडते. वाढलेल्या रक्तप्रवाहामुळे बहुतेक गरोदर स्त्रियांच्या हृदयावर एक मृदू मर्मरध्वनीही ऐकू येतो आणि तो निरुपद्रवी असतो. आपल्याकडे त्यात पंडुरोगाची, म्हणजे रक्तक्षयाची, भर पडते. त्यानेही धाप लागते आणि मर्मर उमटतो. म्हणून 'या दिवसांत असे व्हायचेच' हे वाक्य घरात जितक्या सहजपणे उच्चारले जाते, तितक्याच सहजपणे ते दवाखान्यातही उच्चारले जाते. बाई दुखणे अंगावर काढते.

तथापि साधी धाप आणि हृदयविकाराची धाप यांत भेद करता येतो. उताणे झोपल्यावर धाप वाढणे आणि उशांचा आधार घेऊन बसावे लागणे, रात्री झोपेतून गुदमरून जागे होणे, श्रमाच्या वेळी भोवळ येणे किंवा शुद्ध हरपणे, खोकल्यातून रक्त पडणे, ओठ व नखे निळसर दिसणे, छातीत दुखणे, विश्रांती घेत असतानाही नाडी अतिजलद किंवा अनियमित चालणे, या गोष्टी गरोदरपणाच्या नेहमीच्या तक्रारींत मोडत नाहीत. तसेच हृदयाच्या शिथिलनाच्या वेळी ऐकू येणारा मर्मर कधीही निरुपद्रवी मानू नये. अशा प्रत्येक स्त्रीचे विद्युत्-हृद्‌लेखन आणि ध्वनितरंगांच्या साहाय्याने केलेली हृदयतपासणी, म्हणजे ज्याला सर्वत्र 'इको' म्हणतात ती, झालीच पाहिजे. ध्वनितरंगांचा हा उपयोग १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एड्लर आणि हेर्ट्झ यांनी प्रथम केला. या तपासणीत क्ष-किरण वापरले जात नसल्यामुळे ती गर्भाला अपायकारक नसते.

कोणते दोष, किती धोका?

सर्व दोष सारखे धोकादायक नसतात, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. अन्यथा निदानाचे नुसते नावच स्त्रीला घाबरवून सोडील. अलिंदांमधील छिद्र, निलयांमधील लहान छिद्र किंवा बारीक उघडी राहिलेली वाहिनी असलेल्या बहुसंख्य स्त्रिया योग्य देखरेखीखाली सुखरूप बाळंत होतात. त्यांच्या बाबतीत विशेष भीती असते ती हृदयाच्या अनियमित ठोक्यांची, आणि पायातील रक्ताची गुठळी छिद्रातून डावीकडे जाऊन मेंदूत अडकण्याची.

दुसरा प्रकार महारोहिणीच्या आकुंचनाचा. यात छातीतून खाली उतरणारी महारोहिणी एके ठिकाणी अरुंद असते. परिणामी हातांतील रक्तदाब वाढतो, तर पायांतील नाडी क्षीण आणि उशिरा लागते. गरोदरपणी वाढलेला रक्तदाब दिसताच तो गर्भजन्य विषबाधेचा मानण्याची सवय असल्याने हे निदान हुकते. जांघेतील नाडी बोटांनी चाचपून पाहण्यास अर्धे मिनिट लागते. या साध्या कृतीने महारोहिणी फाटण्यासारखे संकट टळू शकते.

सर्वांत गंभीर अवस्था आयसेनमेंगर या व्हिएन्नातील वैद्याच्या नावाने ओळखली जाते. त्याने १८९७ साली अशा एका रुग्णाचे वर्णन केले होते. मोठे छिद्र वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिले की जादा रक्ताच्या माऱ्याने फुप्फुसांतील रोहिण्या जाड व कठीण होतात. तेथील दाब इतका चढतो की छिद्रातील प्रवाह उलट फिरतो आणि अशुद्ध रक्त डावीकडे जाऊन शरीरभर पसरते. या टप्प्यावर छिद्र बुजविणे हितकारक ठरत नाही, कारण तेच आता उजव्या निलयाला सुटकेची वाट देत असते. गरोदरपणात शरीरातील रोहिण्या सैल पडतात. फुप्फुसांतील कठीण रोहिण्यांना ते शक्य नसते. त्यामुळे उलटा प्रवाह आणखी वाढतो. अशा मातांमधील मृत्यूचे प्रमाण वर्षानुवर्षे तीस ते पन्नास टक्के असे नोंदले गेले असून आधुनिक उपचारांनंतरही ते फार मोठे राहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही अवस्था शेवटच्या, चौथ्या वर्गात मोडते. या वर्गातील स्त्रीने गर्भधारणा टाळावी, असा स्पष्ट सल्ला दिला जातो.

माहेरची वाट

आता एका प्रातिनिधिक स्त्रीची कल्पना करू. ती सातारा जिल्ह्यातील असून पतीबरोबर लखनौ छावणीत राहते. पाचव्या महिन्यात रुग्णालयात तिच्या हृदयावर मर्मर ऐकू येतो आणि डॉक्टर तिला पुढील तपासणीची चिठ्ठी देतात. भाषा हिंदी, तिला ती अर्धीमुर्धी समजते. 'जरा दम लागतो' यापलीकडे तिला काही सांगता येत नाही, आणि चिठ्ठीचा अर्थही कोणी उलगडून सांगत नाही. इतक्यात सातवा महिना लागतो. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, हा आपल्याकडचा रिवाज. डोहाळजेवणाची तयारी झालेली असते. पती तिला पुष्पक एक्सप्रेसमध्ये बसवितो, आणि सुमारे चोवीस तासांचा प्रवास करून ती महाराष्ट्रात येते.

या रिवाजामागची माया खरी आहे आणि आईच्या घरी मिळणारी विश्रांती मोलाची आहे. परंतु वैद्यकीय दृष्टीने पाहता, हृदयावरचा भार ज्या आठवड्यांत शिखरास पोहोचतो, नेमक्या त्याच आठवड्यांत तिची नोंद एका ठिकाणी आणि ती स्वतः दुसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती होते. चिठ्ठी लखनौच्या निवासातील पेटीत राहते. गावच्या केंद्रात ती नव्याने आलेली पहिलटकरीण असते. मर्मराची गोष्ट तेथे कोणालाच ठाऊक नसते. सैनिकांपुरतीच ही स्थिती नाही. ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या आणि वीटभट्टीवर काम करणाऱ्या स्त्रियांचीही नोंद अशीच तुटते.

यावर उपाय अवघड नाही. माता-बाल संरक्षण पत्रिका आणि तपासणीचे सर्व कागद स्त्रीने स्वतःजवळ ठेवावेत. निदान तिच्याच भाषेत, सोप्या शब्दांत त्या पत्रिकेवर लिहून द्यावे. प्रवासापूर्वी इको झाला नसेल तर प्रवास पुढे ढकलावा. आणि दोष मध्यम किंवा गंभीर असेल, तर हृदयरोगतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ एकाच छताखाली आहेत अशाच ठिकाणी बाळंतपण करावे. लखनौ शहरात ही सोय आहे. किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात १९११ पासून अध्यापन सुरू आहे. आज विद्यापीठ झालेल्या या संस्थेचे क्वीन मेरी रुग्णालय स्त्रियांसाठी आणि लारी केंद्र हृदयरोगांसाठी प्रसिद्ध आहे. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थाही याच शहरात आहे. सैनिकी रुग्णांसाठी पुण्यातील आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ थोरॅसिक सायन्सेस ही संस्था हृदयशस्त्रक्रियेचे काम करते. अशा वेळी माहेरच लखनौला यावे, म्हणजे आईने लेकीकडे जाऊन राहावे, हा तोडगा रिवाजाच्या शब्दाला नसला तरी त्याच्या हेतूला धरून आहे.

प्रसूती आणि त्यानंतरचे दिवस

प्रत्येक कळेसरशी गर्भाशयातून तीनशे ते पाचशे मिलिलिटर रक्त मुख्य अभिसरणात ढकलले जाते. वेदना आणि भीती यांमुळे नाडीही वाढते. तरीदेखील हृदयदोष आहे म्हणून पोट फाडूनच बाळंतपण केले पाहिजे, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक स्त्रियांना नैसर्गिक प्रसूतीच अधिक सुरक्षित ठरते. कारण तीत रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा संभव कमी असतो. स्त्रीला डाव्या कुशीवर ठेवतात, वेदना कमी करतात, आणि शेवटच्या टप्प्यात तिला जोर करावा लागू नये म्हणून चिमटे किंवा निर्वात साधन वापरतात. छिद्र असलेल्या रुग्णाच्या शिरेतील नळीत हवेचा बुडबुडा राहणार नाही, याची खबरदारी घेतात. कारण तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. रक्तस्राव थांबविण्यासाठी एरवी सर्रास दिले जाणारे अर्गोमेट्रिनचे इंजेक्शन अशा स्त्रियांना शक्यतो देत नाहीत. ऑक्सिटोसिन सावकाश दिले जाते.

बाळ रडले, वार पडली की घरच्यांना संकट टळल्यासारखे वाटते. हृदयाच्या दृष्टीने तीच घटका सर्वांत बिकट असते. गर्भाशय आकसल्याने आणि मोठ्या नीलेवरील दाब एकाएकी नाहीसा झाल्याने हृदयाकडे रक्ताचा लोट येतो. पुढील काही दिवसांत ऊतींत साठलेले पाणीही रक्तात परत येते. आयसेनमेंगर अवस्थेतील पुष्कळ मृत्यू प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, कधी कधी एक-दोन आठवड्यांनीही, घडलेले आहेत. म्हणून अशा बाळंतिणीला दुसऱ्या दिवशी घरी नेण्याची घाई करू नये. 'बाळंतिणीला असा घाम येतोच' किंवा 'रात्रीच्या जागरणाने दम लागतो' असे म्हणून तिच्या धापेकडे काणाडोळा करू नये.

निदानानंतर काय?

या दोषांवरील उपचारांचा इतिहास फार जुना नाही. १९३८ साली बोस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी एका सात वर्षांच्या मुलीची उघडी राहिलेली वाहिनी यशस्वीपणे बांधली. १९५३ साली फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने अलिंदांमधील छिद्र बंद केले. ती रुग्णही अठरा वर्षांची तरुणीच होती. त्यापूर्वी अशा छिद्रांवर फारसा इलाज नव्हता, आणि पुढील कित्येक वर्षे तो मोजक्यांनाच लाभला. चित्रपट अभिनेत्री मधुबाला हिच्या हृदयातील पडद्यात जन्मतःच छिद्र होते आणि १९६९ साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला, हे सर्वश्रुत आहे. आज अलिंदांमधील अनेक छिद्रे छाती न उघडता, जांघेतील नीलेतून नळी सरकवून छत्रीसारख्या साधनाने बुजविता येतात. शक्यतो हे काम प्रसूतीनंतर करतात, आणि पुढील गरोदरपण त्यानंतरच.

परंतु निदानाने एक सामाजिक प्रश्नही उभा राहतो. 'आजार लपवून मुलगी दिली' असा आरोप सासरी होतो. प्रत्यक्षात तो आजार तिच्या आईबापांनाही ठाऊक नसतो. या भीतीपोटीच कित्येक स्त्रिया कागद दडवितात आणि पुढच्या गरोदरपणी डॉक्टरांना काही सांगत नाहीत. जन्मजात दोष ही कोणाची फसवणूक नव्हे आणि कोणाचे पापही नव्हे, हे पतीला आणि सासूला समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग होय. गंभीर दोष असेल तर गर्भ ठेवावा की नाही, हा निर्णय संपूर्ण माहिती देऊन, वेळेवर आणि त्या स्त्रीच्या इच्छेने झाला पाहिजे. मातेच्या जिवाला किंवा आरोग्याला गंभीर धोका असल्यास वैद्यकीय गर्भपाताची मुभा १९७१ च्या कायद्याने दिली आहे. संततिनियमनासाठी अशा काही स्त्रियांना नेहमीच्या मिश्र संप्रेरकांच्या गोळ्या घातक ठरतात, कारण त्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा संभव वाढतो. पुरुषाने नसबंदी करून घेणे हा अशा जोडप्यापुढील एक साधा आणि निर्धोक मार्ग असतो.

माता स्वतः दोषयुक्त असेल तर तिच्या मुलात हृदयदोष असण्याचा संभव काहीसा वाढून सर्वसाधारणतः तीन ते पाच टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यांत गर्भाच्या हृदयाची ध्वनितरंग तपासणी करावी, आणि जन्मानंतर बालकाचीही. शून्य ते अठरा वर्षे वयाच्या मुलांसाठी २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून तपासणी व्हावी म्हणून २०१६ साली सुरू झालेले प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान, या दोन्ही योजना याच कामी येतात. शाळेतच मुलीचे हृदय ऐकले गेले, तर तिचा दोष गरोदरपणापर्यंत दडून राहण्याचा संभव पुष्कळ कमी होईल. तोवर प्रत्येक गरोदर स्त्रीने पहिल्या भेटीत एक प्रश्न अवश्य विचारावा: माझे हृदय तपासले का, आणि त्यात काय आढळले? या प्रश्नाचे उत्तर तिच्या पत्रिकेवर लिहिलेले असले पाहिजे.